पासंग

कोपरखैरण्याच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या पेटीत आमचा मुलगा:
नऊशे चाळीस ग्रॅम.
आमच्या धंद्यात एवढं पासंगात जातं.
पहिल्या आठवड्यात आठशे पंच्याऐंशी.
'पाणी उतरते, घाबरायची नाही,' जिन्सी सिस्टर म्हणाली.

घट मला कळते.
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मी मापाडी, सोळा वर्षं.
कुठल्या गोणीत किती सुकलंय
ते नुसता हात लावून सांगतो.
पण इथे पहाटे सिस्टर काटा शून्यावर आणते
आणि मी, ज्यानं मापात कधी पाप केलं नाही,
काचेबाहेर उभा राहून
मनातल्या मनात ताटलीवर अंगठा ठेवतो.

कोपरापर्यंत हात धुवायचे. घड्याळ, गंडा, अंगठी बाहेर.
आत उजेड बेताचा, पेटीवर गोधडीसारखं कापड,
ऋतुजाच्या पोटातला अंधार
जेवढा शिवता आला तेवढा.
पेटीवर काही टेकवायचं नाही, औषधाची बाटलीसुद्धा.
आत त्याला ते ट्रकमधून गोणी पडल्यासारखं वाजतं.
मी तर त्या आवाजात जेवतो, झोपतो.
त्या दिवसापासून घरीसुद्धा
पातेलं ठेवताना खाली हात धरतो.

मंगळवारी डॉक्टर सबनीस मशीन ढकलत आणतात.
जेल आधी कोमट करतात,
मग टाळूवर, जिथं हाड अजून मिटलेलं नाही,
प्रोब टेकवतात,
झोपलेल्या घराच्या दाराला कुणी कान लावावा तसा.

कांदा कापल्याशिवाय आतलं कळत नाही.
व्यापारी देठाशी दाबून बघतो, हुंगतो,
तरी शेवटी सुरी लागतेच.
इथे सुरी नाही.
पडद्यावर राखाडी धुकं, त्यात पाण्याच्या दोन काळ्या कोरी,
आणि मेंदू, गुळगुळीत.
'वळ्या पडायच्यात अजून. त्या आईच्या पोटात पडायच्या,
आता इथे पडतील.'
डावीकडे तांदळाएवढं पांढरं.
'रक्त?'
'थोडं. वाढलं नाही तर जिरेल. पुढच्या मंगळवारी बघू.'

मार्केटात 'बघू' म्हणजे भाव पडणार.
त्यांच्या 'बघू'चं वजन मला करता येईना.

मग सिस्टरनं हात शिकवले.
एक तळवा डोक्याशी, एक पायांशी.
चोळायचं नाही, थोपटायचं नाही.
'फक्त ठेवायची. पोटात भिंत होता ना, तसा.'
आधी पाच वर्षं हमाली केलेले हे हात,
नुसतं थांबणं त्यांनी कधी केलंच नव्हतं.
टाचेत सुई गेली तेव्हा
तो मुठी वळून थरथरला,
आणि माझ्या हातांत हळूहळू
परत गोळा झाला.

दुपारी ऋतुजा, रात्री मी.
शर्टाची बटणं सोडून खुर्चीत,
छातीवर तो, टोपी आणि नळीसकट.
तीनदा साबण लावला तरी कांद्याचा वास जात नाही.
'असू दे,' सिस्टर म्हणाली, 'बाप ओळखेल.'
मॉनिटरचा आकडा मी बघत नाही.
पोटाशी त्याचा श्वास लागतो. कधी एखादा चुकतो,
मग माझाही.

पाटणहून आईचा फोन: 'टाळू भरतोस का रे?
बोटभर तेल जिरव रोज, लवकर भरून येते.'
नाही आये, एवढ्यात नाही.
अजून काही मंगळवार आहेत.
तेवढी खिडकी उघडी राहू दे.

आज सोमवार. नऊशे बावन्न.
कुणी अंगठा ठेवला नव्हता,
मी बघत होतो.